डाळीचं पीठ आणि मनगटावरचा डाग

लेकीला सातवा महिना लागला तेव्हा मी डोंबिवलीहून ठाण्याला, नौपाड्यातल्या तिच्या घरी गेले. पिशवीत केशराची डबी होती. बाळंतपण माझ्याकडेच व्हायचं होतं, त्यामुळे पाट, घंगाळ, मसूर डाळीचं पीठ, सगळं आधीच काढून ठेवलं होतं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला साय आणि डाळीचं पीठ चोळून अंघोळ घालतात. लव जाते, रंग उजळतो म्हणतात. लेकीलाही मी तशीच घातली होती, आणि ती सावळीच राहिली म्हणून दहावीपर्यंत दर रविवारी ते पीठ काही सोडलं नव्हतं.

केशराची डबी तिने न उघडताच फळीवर ठेवली. मग म्हणाली, "आई, रागावू नकोस हं. बाळाला अंघोळ तू नको घालूस. आपण बाई लावू."

मी बरं म्हटलं. बोलताना ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती, निदान मला तसं वाटलं. मनगटावर वर्षभरापासून एक पांढरा डाग होता. आधी चण्याएवढा होता, आता बांगड्यांखाली मावेनासा झाला होता. शेजारणीला मी भाजल्याचं सांगितलं होतं, तेही तिने विचारलं नसताना.

म्हणजे लेकीला माझ्या हाताची किळस येते? की बाळाला लागेल म्हणून भीती? जावई काही बोलले असतील का? घरी परतल्यावर दोन दिवस मला धड स्वयंपाक सुचला नाही. याच हातांनी हिला वाढवली, म्हणून संताप येत होता. आणि तिचंच बरोबर असलं तर काय, हा विचारही पाठ सोडत नव्हता.

शेवटी तिला न सांगता नौपाड्यातल्याच एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मला औषध नको होतं. हा डाग दुसऱ्याला लागत नाही, एवढी चिठ्ठी हवी होती.

त्यांनी ती लगेच दिली आणि वर कागदावर चित्र काढून दाखवलं. रंग तयार करणाऱ्या पेशी थोड्याच असतात म्हणे. त्या रंगाचे बारीक कण बनवून आजूबाजूच्या पेशींना देतात. त्या पेशी ते आत ओढून घेतात आणि आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात, उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून. एका घरी रांधायचं आणि मजल्यावर सगळीकडे डबे पोचवायचे, असं मी समजले. माझ्या मनगटावरचं ते रांधणारं घर बंद पडलं होतं. शेजारी ठणठणीत होते, फक्त त्यांना डबा येत नव्हता.

"मग गोऱ्या माणसांत अशी घरं कमी असतात का?" मी विचारलं.

"नाही, साधारण तेवढीच. गोऱ्यांत कण लहान असतात, पुंजक्याने राहतात, लवकर मोडतात. सावळ्यांत मोठे, सुटे, जास्त टिकणारे."

"घासून जातात?"

"वरची मेलेली कातडी जाते. खालून रंग येतच राहतो. उलट फार घासलं तर जागा काळवंडते कधी कधी."

बाहेर पडले ती पार गोंधळून. जो रंग लेकीच्या अंगावरून घालवायला मी पंधरा वर्षं झटले, तोच माझ्या मनगटावर परत यावा म्हणून देवापुढे हात जोडत होते. तेवढ्या जागेत तर मी चांगली गोरीपान झाले होते. मग रडू कशाचं येत होतं, तेच कळेना.

तशीच लेकीकडे गेले आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ती दोनदा वाचली.

"कसला डाग?"

मी बांगड्या वर सरकवल्या. तिने तो पहिल्यांदाच पाहिला होता, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

"मग अंघोळ नको का म्हणालीस?"

तिने माझा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याने त्या डागावर जोर लावून घासलं, मी तिची मान घासायचे अगदी तसं. एकदा, दोनदा, तीनदा.

"दुखतंय?"

"थोडं."

"मलापण दुखायचं. सोमवारी वर्गात मुली विचारायच्या, मान लाल का झालीये. मी सांगायचे, भाजलं."

मी तिच्याकडे पाणी मागितलं.

नात झाली. सावळी आहे, आईवर गेलीय. त्याचं मला बरं वाटतं की वाईट, हे अजून मलाच ठरवता आलेलं नाही. पीठ लावायचं नाही या अटीवर अंघोळ मीच घालते, नुसत्या कोमट पाण्याने. मानेपाशी आलं की हाताला आपोआप जोर येतो. मग मी हात उचलते आणि पाणी ओतते. लेक रोज दारात उभी राहून बघते.