उपकारस्तुती आधी, रिपोर्ट नंतर

"लिम्फोमा आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

परळच्या हॉस्पिटलातल्या त्या लहानशा खोलीत मी आणि माझा नवरा सुहास शेजारी शेजारी बसलो होतो. लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. मानेत, काखेत, जांघेत ज्या ग्रंथी एरवी ताप-सर्दीत जरा फुगतात आणि आपोआप बसतात, त्यांचा. माझ्या मानेवरची गाठ बसली नाही. दुखतही नव्हती, म्हणून मी ती ओढणीखाली झाकून शाळेत व्याकरण शिकवत राहिले. तुम्ही असं करू नका. न दुखणारी गाठ आधी दाखवायची असते.

पण मी हे लिहायला बसलेय ते गाठीसाठी नाही. त्यावर बोलणारी जाणकार माणसं पुष्कळ आहेत. मी लिहितेय ते गाण्यांबद्दल. तुम्ही ख्रिस्ती असाल आणि कधी अंथरुणाला खिळला असाल, तर मी काय म्हणतेय ते तुम्हाला लगेच कळेल.

आमच्यात कोणी आजारी पडलं की रविवारची उपासना आटोपून मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, त्या घरी गायला जातात. प्रथा प्रेमाची आहे, मी नाही म्हणत नाही. पहिल्याच रविवारी दादरच्या आमच्या दोन खोल्यांत पंधरा-वीस माणसं मावली. सुहास चर्चमध्ये पेटी वाजवतो, त्यामुळे पेटी घरचीच होती. टाळ आले, खंजिरी आली. आणि सगळ्यांच्या पुढे एस्तेरमावशी. या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, अख्ख्या मंडळीच्या मावशी. महिला मंडळाच्या प्रमुख, आवाज खणखणीत, आणि 'नको' हा शब्द त्यांना ऐकूच येत नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आमची गाणी पडल्या पडल्या, नीट कान देऊन ऐकली. पहिल्या कडव्यात वादळ येतं. दुसऱ्यात देवाला हाक मारली जाते. तिसऱ्यात ऊन पडतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. जवळपास प्रत्येक गाण्याचं हेच. तरुण मुलं कीबोर्डवर म्हणतात ती नवी गाणी तर वादळाच्या भानगडीतच पडत नाहीत, थेट विजयापासून सुरू होतात. पाच मिनिटांत दुःख येऊन, निस्तरून, वर चहासुद्धा होतो. माझे तर अजून उपचारही सुरू व्हायचे होते.

मग किमोथेरपी सुरू झाली. कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं सलाईनमधून देतात, दर तीन आठवड्यांनी. ती चांगल्या पेशीही मारतात. त्यातून म्युकोसायटिस होतो, म्हणजे तोंड आतून सोलवटून निघतं. मला पाण्याचा घोट गिळताना रडू यायचं. पांढऱ्या पेशी घसरतात, त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात, आणि मग साधा खोकलाही महागात पडतो. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "घरात गर्दी अजिबात नको."

मला मनातून इतकं बरं वाटलं की काय सांगू. पण मावशी हार मानणाऱ्यातल्या कुठल्या! त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. आता प्रत्येक जण आपापल्या घरून गाऊ लागला आणि प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोहोचू लागला. कोणी वादळात, कोणी उन्हात. मी उशीवर फोन टेकवून, तोंडात बर्फाचा खडा धरून ते ऐकायची. कट केला की लगेच फोन यायचा, "नेट गेलं का गं?"

एकदा मी सुहासला विचारलं, "असं एखादं गाणं नाही का रे, ज्यात शेवटपर्यंत काही ठीक होत नाही?"

"असलं गाणं म्हणणार कोण?"

"मी."

तो उगाच पेटीवरची धूळ पुसत बसला.

मला मरणाची भीती वाटत होती, ते कशाला लपवू. पण त्याहून मोठी एक भीती होती. मरायच्या आधीच देव माझ्या हातून सुटेल की काय, असं वाटायचं. मला त्याला जाब विचारायचा होता आणि त्यासाठी माझ्याजवळ भाषाच नव्हती. आम्ही बोबडे असल्यापासून प्रार्थना शिकतो ती गाण्यांतून. डोळे मिटले की तीच टाळ्यांची चाल डोक्यात सुरू व्हायची. मी चिडून डोळे उघडायची आणि प्रार्थना तिथेच राहायची. पुढे पुढे तर मी डोळे मिटणंच सोडून दिलं.

चार किमो झाल्यावर मॅडमनी पेट स्कॅन सांगितला. यात शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी ती हावरटासारखी खातात आणि चित्रात चमकतात. उपाशीपोटी जायचं, सुई टोचल्यावर न बोलता पडून राहायचं. न बोलता, न गाता! त्या खोलीइतकी शांतता मला त्या काळात कुठेच मिळाली नाही.

आणि इथे मावशींनी कमाल केली. स्कॅन व्हायच्या आधीच त्यांनी माझ्या बरं होण्याची उपकारस्तुती जाहीर केली. म्हणजे देवाचे आभार मानायची सभा. त्यांचं म्हणणं, आभार आधी मानले की विश्वास दिसतो. रविवार ठरला, व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रासकट निरोप गेला, पुलाव सांगून झाला. मी सुहासला म्हटलं, "थांबव त्यांना." तो म्हणाला, "तू सांगून बघ." आम्ही दोघंही त्यांना घाबरतो.

शनिवारी रिपोर्ट आला. "पार्शल रिस्पॉन्स," मॅडम म्हणाल्या. म्हणजे गाठी लहान झाल्यात, पण गेल्या नाहीत. "औषध बदलावं लागेल. आता जरा कडक. यावेळी ॲडमिट करून देऊ." त्यांनी खोटी आशा दाखवली नाही आणि घाबरवलंही नाही. मला त्याबद्दल त्यांचे पाय धरावेसे वाटले.

रविवारी मी मास्क लावून चर्चमध्ये गेले. का गेले, तर माझ्यामागे माझ्याच बरं होण्याचे आभार मानले गेले असते, ते मला सहन झालं नसतं. आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, साक्ष द्यायला बोलावलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं. मी म्हणाले, "गाठी गेलेल्या नाहीत. औषध बदलणार आहेत. मला आज आभार मानता येत नाहीत. मी चिडलेय, आणि कोणावर ते तुम्हाला माहीत आहे."

सगळे गप्प झाले. पाळकसाहेब काही बोलणार, तेवढ्यात मावशींनी गाणं सुरू केलं. आमच्याकडचं सगळ्यात आनंदी गाणं. बिचाऱ्यांना ती शांतता झेपली नसावी. मागून खंजिरी वाजली, टाळ्या पडल्या. सुहासनं पेटीवरून हात काढून घेतला, तर सगळे पेटीशिवाय गायले. मी तडक बाहेर पडून टॅक्सी केली. संध्याकाळी पुलाव घरपोच आला. मी तो फ्रिजमध्येही ठेवला नाही, शेजारी देऊन टाकला.

त्यानंतर मावशींचे फोन यायचे बंद झाले. व्हिडिओ कॉलही बंद. हवी होती ती शांतता मिळाली आणि मला ती खायला उठली.

नव्या औषधासाठी वॉर्डात भरती झाले. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत मावशी आल्या. एकट्याच. तोंडाला मास्क, हातात गाण्यांचं पुस्तक नाही. स्टुलावर बसल्या आणि सलाईनकडे बघत म्हणाल्या,

"राग गेला का गं?"

"नाही."

"माझ्यावरचा नाही विचारत."

"तो पण नाही गेला, मावशी."

त्यांनी मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आमचे हे गेले ना, तेव्हा मी त्यांच्या उशाशी हीच गाणी म्हणत होते. शेवटपर्यंत. मी सुरू केलं की ते भिंतीकडे तोंड करायचे. मला वाटायचं, त्या कुशीवर बरं वाटतंय त्यांना."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मला दुसरी येतच नाहीत गं," त्या म्हणाल्या. "आम्हाला कोणी शिकवलीच नाहीत."

इतके महिने मी या बाईवर वैतागले होते. अजूनही वैतागते. पण त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि आमच्या साऱ्या मंडळीबद्दलच वाटली. घशाशी आलेलं ओरडणं टाळ्यांत बुडवून किती जणांनी किती वर्षं काढली असतील.

"प्रार्थना करू?" त्यांनी विचारलं. विचारलं! असं आधी कधी झालं नव्हतं.

"करा. पण मी बरी झाले म्हणून आभार मानू नका."

मावशींनी डोळे मिटले. मीही कितीतरी दिवसांनी मिटले. त्यांना शब्द सापडत नव्हते. नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो खणखणीत आवाज एकदम फाटला.

"प्रभू, हे काय चालवलंयस तू?"

पुढे काहीच नाही. एवढीच प्रार्थना. मी 'आमेन' म्हटलं. आजार कळल्यापासून मनापासून म्हटलेलं ते माझं पहिलं आमेन.