पाण्यावरचा तवंग

तेव्हा मी शिकवायचो ती शाळा कोयनेच्या जलाशयापलीकडे होती. ज्याच्या होडीतून मी जायचो, तो नावाडी मध्यावर आला की वल्हं थांबवायचा, ओंजळभर पाणी प्यायचा आणि ओला हात डोळ्यांना लावायचा.

पुढं काठावर हॉटेल झालं. कातडी काळी पडू नये म्हणून अंगभर क्रीम फासून पाहुणे पाण्यात डुंबायला लागले. पाण्यावर तेलकट थर दिसू लागला.

"गुरुजी, तवंग रश्श्यावर बरा," तो एकदा म्हणाला. "पान्यावर लय वंगाळ दिसतोय."

त्या दिवशीही सवयीनं वल्हं थांबलं. त्यानं वाकून हातानं थर बाजूला सारला. तो परत जुळून आला. पुन्हा सारला, पुन्हा जुळला. मग न पिताच त्यानं हात वर घेतला आणि विजारीला पुसला.