माझं 'हरकत नाही'

'हरकत नाही' हे शब्द माझ्या तोंडात कधी बसले ते सांगता येणार नाही. चहा घेणार? हरकत नाही. तास बदलून देता? हरकत नाही. बायको म्हणते, "पाहिजे असलं तरी तुमचं 'हरकत नाही', नको असलं तरी तेच. मानसानं समजाचं कसं?" मी हसतो. भिडस्त माणसाला हसून सुटता येतं.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो, तेलुगूतून. उदारमतवादाचं प्रकरण माझ्या आवडीचं. राज्य लोकांच्या संमतीवर उभं असतं म्हणणारा एक इंग्रज, धंद्याचे मक्ते मूठभरांच्या हाती नकोत म्हणणारा एक स्कॉटिश प्राध्यापक, आणि माझा सगळ्यात लाडका तो तिसरा, ज्याला राजापेक्षा शेजाऱ्यांची भीती जास्त वाटायची. बहुमतही जुलूम करतं आणि त्यासाठी त्याला तुरुंग लागत नाही, हे त्याने ओळखलं होतं. मराठी घरांतली पोरं तासानंतर भेटली की मी आपल्या बोलीत सांगायचो, "तुमच्या वागन्यानं दुसऱ्याले इजा होत नसंन, तं गावाची हरकत चालत नाई. आमाले आवडत नाई, ही काई हरकत नव्हे." पोरं माना डोलवायची. मलाही वाक्य जमल्यासारखं वाटायचं.

माझं गाव बोथच्या बाजूला. तिथे अजून शेत आहे, त्यात कापूस असतो. माझ्या वारलेल्या चुलतभावाची बायको, म्हणजे वहिनी, गावात एकटी राहते. घर रस्त्याला लागून. गेल्या वर्षी तिने ओट्यावर स्टोव्ह मांडला आणि बसची वाट पाहणाऱ्यांना चहा-भजे विकायला लागली. धंदा चालला.

पण आमच्या गावात गावकमिटी आहे. सरकारी नव्हे, गावातल्याच वजनदार माणसांची. चहाच्या हॉटेलाचा मक्ता ही कमिटी दरसाल लिलावाने एकालाच देते. वहिनीला निरोप गेला, स्टोव्ह उचल. तिने उलटा निरोप धाडला, "ओटा माहा, चाय माही. ज्याले पेवाची नाई त्यानं पेऊ नये."

मग सभा ठरली. विषय एकच, तिला वाळीत टाकायचं का. म्हणजे तिच्याशी कोणी बोलायचं नाही, दुकानदाराने किराणा द्यायचा नाही, ऑटोवाल्याने बसू द्यायचं नाही. जो मोडेल त्याला दंड.

आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"भाऊजी, मले थे बोलू देनार नाईत. बाईमानसाले कोन इचारते? तुमी बोला. तुमी तं हेच शिकोता ना पोराईले?"

"हरकत नाही," मी म्हणालो.

"तसं नोका म्हनू. हो म्हना."

"हो, वहिनी. बोलतो."

सकाळी मोटरसायकलवर मी भाषण जुळवत गेलो. आधी मक्त्याचा मुद्दा, मग इजेचा, शेवटी बहुमताचा. लिंबाखाली सतरंजी अंथरलेली होती. मला मात्र खुर्ची दिली. ती खुर्ची मला आवडली, हेही सांगून टाकतो.

"सर आले," कोणीतरी ओरडलं. "आता इंग्रजीत वाळीत टाकू!"

हशा पिकला. मीही हसलो. भिंतीशी बायांच्या घोळक्यात वहिनी उभी होती. ती हसली नाही.

मजूर लावून देणारा गडी माझ्या खुर्चीजवळ येऊन बसला. "सर, तुमच्या वावरात उद्यापासून वेचनी लावून राह्यलो. बाया सांगून ठेवल्या." धमकी नव्हती ती. रोजचं बोलणं होतं. पण आभाळ भरलेलं होतं, बोंडं फुटलेली होती, आणि माझ्या डोक्यातून तिन्ही विचारवंत उठून गेले. तिथे फक्त भिजणारा कापूस उरला.

कमिटीचा अध्यक्ष तेलुगू बोलणारा, मराठी त्याला येत नाही. मराठीचं तेलुगू करून सांगायला त्याच्या शेजारी नात्यातले आमचे एक काका बसले होते. तिथूनच एकेकाला विचारत काका माझ्यापर्यंत आले. "बोला सर. तुमचं काय?"

मी घसा साफ केला.

"हरकत नाही," मी म्हणालो.

मला वाटत होतं, ही नुसती सुरुवात आहे, खरं बोलणं आता पुढे येईल. पण अध्यक्षाने काकांकडे वळून विचारलं, सारु एमंटुन्नारु, सर काय म्हणतात?

"सारुकि अभ्यंतरं लेदंट," काका म्हणाले.

मराठीत 'हरकत नाही'च्या आड लपायला जागा असते. हो म्हणायचं नसलं, नाही म्हणायचं नसलं, की माणूस तिथे जाऊन बसतो. तेलुगूत ती जागा नव्हती. सरांचा आक्षेप नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्या भाषेत मी रोज फळ्यापुढे उभा राहतो, त्याच भाषेत माझं मत मला ऐकू आलं. तरीही वेळ गेली नव्हती. चुकीचं सांगितलं, माझा आक्षेप आहे, इतकंच म्हणायचं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सावकाश प्यायलो. ग्लास खाली ठेवला तेव्हा ठराव झाला होता. एकमताने.

कापूस कोरडा घरी आला.

वहिनीला मी फोन केला नाही. मी गावात राहत नाही, मला दंड लागला नसता, फोनवर कोणी पाहणारही नव्हतं. तरी केला नाही. त्या वर्षीही उदारमतवादाचं प्रकरण मी शिकवलं आणि, लाज वाटते सांगायला, फार चांगलं शिकवलं.

ती कोणाच्या आधाराला थांबली नाही. ऑटोवाले घेत नव्हते, म्हणून रस्त्यावर उभं राहून तिने सरकारी बस धरली आणि बोथच्या ठाण्यात तक्रार दिली. पोलीस येऊन कमिटीला समज देऊन गेले. ठराव कोणी मागे घेतला नाही, पण लोक तिच्याशी बोलायला लागले. स्टोव्ह पुन्हा पेटला. हे सगळं मला बायकोकडून कळलं.

त्यानंतर मी गावी गेलो. ओट्यावर चार-पाच जण चहा पीत होते. त्यांत काकाही होते.

"वहिनी, घरात येऊ का जरा? बोलायचं होतं."

तिने वर पाहिलं नाही. "हरकत हाये, भाऊजी."

कोणीतरी फिसकन हसलं.

"चाय सगळ्याईले हाये," ती म्हणाली. "घर माहं हाये. बोलाचं असंन तं अठीच बोला. सभाच हाये समजा."

खुर्ची नव्हती. "त्या दिवशी माझी हरकत होती," मी म्हणालो. आवाज इतका खाली गेला की काकांनी कानाला हात लावला. मग मी पुन्हा, मोठ्याने म्हणालो, "माझी हरकत होती. कापूस वेचला जाणार नाही म्हणून मी भ्यालो. कोणी जबरदस्ती केली नव्हती."

काका आपल्या कपात पाहत राहिले. वहिनीने चहा गाळला.

"हे एवढंसंच होतं ना," ती म्हणाली. "काऊन नाई बोलले तवा?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. दुसरा कप पुढे ओढत तिने विचारलं, "अद्रकाची हाये. चालते?"

अद्रकाचा चहा मला चालत नाही. जिभेवर 'हरक' आलंच होतं. ते गिळलं.

"नाही. अद्रक नको."

"मंग थांबा उभे," ती म्हणाली. "दुसरी मांडा लागते."