वक्ता दोन

लोहाऱ्याच्या आमच्या घरात देवघराला लागून एक लहान खोली आहे. पूर्वी तीत माझे विद्यार्थी पाठ म्हणत. गेली काही वर्षे तीत बसून माझी सून नोकरी करीत असे. माझा मुलगा गेल्यावर ती पुण्याचे बिऱ्हाड मोडून नातीसह आमच्याकडे आली आणि तिच्या कंपनीने तिला येथूनच काम करण्याची मुभा दिली. आम्हां वृद्ध पतिपत्नींचे त्या दोघींसह राहणे या मुभेवरच टिकून होते. हे सर्वांना ठाऊक होते, पण घरात कोणी ते उच्चारीत नसे.

आपले काम तिने मला धीराने समजावले होते. यंत्रांचे सुटे भाग पुरवणारी परदेशातील एक मोठी पेढी आहे. तिचा माल, मागण्या, परत आलेल्या वस्तू, हा सगळा व्यवहार कोबोल नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमांवर चाले आणि त्यांखाली तितकाच जुना डेटाबेस होता. ते सांभाळण्याचे कंत्राट सुनेच्या कंपनीकडे होते. नवी मुले ही भाषा शिकत नाहीत. नोकरीला लागताना हिच्या वाट्याला ती आली आणि हिने ती मनापासून आत्मसात केली.

संगणकाला सर्वांत योग्य भाषा संस्कृतच, असा निरोप गावातील मंडळी मला मोबाइलवर कौतुकाने दाखवीत. मी एकदा तिला विचारले.

"बाबा, तसं असतं तर पगार तुम्ही आणला असता आणि मी निवांत पोळ्या लाटल्या असत्या," ती म्हणाली आणि हसली. मुलगा गेल्यानंतर तिला हसताना मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

गेल्या दिवाळीनंतर त्या पेढीने हे सारे जावा या भाषेत नेण्याचे ठरवले. पूर्वी ज्याला माणसांची फौज लागली असती, ते काम आता एक कृत्रिम बुद्धीचे साधन करणार होते. त्याने जुने प्रोग्रॅम वाचले आणि नव्या भाषेत लिहूनही काढले. परंतु अनेक ठिकाणी ते अडले, कारण तेथे नियम होता आणि नियमाचे कारण कोठेही लिहिलेले नव्हते. ती कारणे सुनेसह तिघांना माहीत होती. तिघांनीही एकेक प्रोग्रॅम पडद्यावर उघडून तोंडी स्पष्टीकरण ध्वनिमुद्रित करावे, असा आदेश आला. ते ऐकून यंत्र शिकणार होते. तिघांपैकी एकालाच नव्या कामात ठेवणार होते, आणि निवड याच ध्वनिमुद्रणांवरून व्हायची होती.

आमच्या संस्कृत शास्त्रांत सूत्राला वृत्ती, म्हणजे त्याचा अर्थ उलगडणारी टीका असते, वृत्तीवर सविस्तर भाष्य असते. तिच्याकडे केवळ सूत्रे उरली होती आणि भाष्य तिघांच्या कंठात होते. म्हणून तिची अडचण मला तिने सांगण्यापूर्वीच समजली. देवघरात जपाला बसलो की भिंतीपलीकडून तिचा आवाज येई. दोन वाक्ये होत, मग ती थांबे, पुन्हा आरंभापासून सुरू करी.

गल्लीतही ते ऐकू जात असे. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार भले गृहस्थ आहेत. सोमवारी महादेवाला माझ्या आधी पोचतात. त्यांनी एकदा आमच्या ओट्यावर बसून विषय काढला.

"गुरुजी, राग मानू नका. सूनबाई एकट्याच बोलत बसत्यात म्हणं दिसभर. सोलापूरला चांगले डाक्टर हायत. दाखवून तरी आणा."

आतून माझी पत्नी कडाडली, "तिला बोलायचा पगार मिळतो! तुम्ही दिवसभर गल्लीचं फुकट बोलता, तुम्हाला कुणी नेलं का सोलापूरला?"

"तसं न्हाय वैनी, काळजी वाटली म्हून."

"काळजी असेल तर मागच्या डाळीतले खडे आधी निवडून द्या."

त्या संध्याकाळी सून माझ्यापुढे येऊन बसली. "बाबा, समोर कुणीच नसतं. भिंतीला शिकवल्यासारखं होतं. तुम्ही जरा समोर बसता का? कळलं नाही तरी चालेल."

दुसऱ्या दिवसापासून मी चटई घालून तिच्या समोर बसू लागलो. सांगणारा सांगत असताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा, हा आमच्याकडचा जुना शिष्टाचार आहे. त्यामुळे सांगणाऱ्याला आपण एकटे नाही हे कळते आणि वाणी पुढे सरकते. मी हुंकार देत गेलो आणि ती मोकळी होत गेली.

"ही अट बघा," ती सांगे, "चार नंबरच्या गोदामाचा माल नऊ नंबरमध्ये दाखव, अशी. चार नंबरला आग लागली होती. माल तात्पुरता हलवला. गोदाम पुन्हा बांधलंच नाही, पण जुन्या मागण्या अजून चारच्या नावानं येतात. ही ओळ काढली, तर त्या मागण्या कुणालाच दिसणार नाहीत."

"हूं."

"आणि हा प्रोग्रॅम महिनाअखेरीस परतीच्या मालानंतरच चालवायचा. आधी चालवला तर तोच माल दोनदा शिल्लक दिसतो."

"हूं."

मला त्यातील अल्पांशच कळे. तथापि शास्त्र प्रथम ऐकताना कोणाला किती कळते? तिचा विषय अवघड होता आणि तिची मांडणी निर्मळ होती, एवढे मी साक्षीपूर्वक सांगू शकतो. तिच्या वरिष्ठांनीही फोन करून सांगितले की तिघांत हिचेच काम उत्तम आहे. पत्नीने तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरण्याचे मनाशी ठरवूनही टाकले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला. मी चटईवर होतो आणि फोनचा आवाज खोलीभर होता.

"मॅडम, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मशीनला दोन माणसं सापडलीत. वक्ता एक आणि वक्ता दोन. हा वक्ता दोन कोण?"

सून गोंधळली. "काय बोलतो तो?"

"हूं म्हणतो. प्रत्येक फाइलमध्ये."

"ते माझे सासरे आहेत."

"आयटीत आहेत?"

"नाही. संस्कृतचे शिक्षक होते."

ते गृहस्थ मनमोकळे हसले. मग त्यांचा स्वर उतरला. "क्लायंटचा कोड आहे हो. बाहेरचं माणूस खोलीत असणं म्हणजे गोपनीयतेचा भंग. ही गोष्ट वर गेली आहे. असं करा, टीव्ही चालू होता म्हणा. मी तसं लिहितो आणि विषय संपवतो."

सुनेने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी काहीही बोललो नाही. त्या क्षणी माझ्या मनात काय होते, हे आजही मला निश्चित सांगता येत नाही.

"टीव्ही नव्हता सर," ती म्हणाली. "सासरेच होते. मीच त्यांना बसवलं होतं."

काही दिवसांनी निर्णय आला. नव्या कामात दुसऱ्याची नेमणूक झाली होती. हिला महिनाभराची मुदत होती आणि त्या अवधीत उरलेली ध्वनिमुद्रणे पूर्ण करावयाची होती.

पत्नी ओसरीवर मटकन खाली बसली. "टीव्ही म्हणाली असतीस तर देवीनं काय जीभ झडवली असती तुझी?"

"आई, बाबा समोर बसले होते," सून म्हणाली.

मग पत्नी माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही! इतके दिवस हूं हूं करत होतात. नेमकं तेव्हाच कशी वाचा बसली?"

दुसऱ्या दिवशी पूजेला बसलो आणि संकल्पाशी थांबलो. तिने असत्य बोलायला हवे होते, असे देवासमोर म्हणता येईना. तिच्या सत्याचे फळ हे, असे म्हणून नमस्कारही करता येईना. फुले वाहिली आणि उठलो.

पुढचा महिनाभर ती दार लावून एकटीच बोलत राहिली. "एखादी गोष्ट सांगायची राहिली तर त्यांना काय कळणार आहे?" असे पत्नीने तिला दोनतीनदा सुचवले. तिने काहीही राखून ठेवले नाही. भिंतीपलीकडून मी ऐकत होतो.

हैदराबादला तिला सहा महिन्यांच्या करारावर काम मिळाले. तेथेही कोबोलच, तेही नव्या भाषेत जाईपर्यंतच. मात्र रोज कार्यालयात हजर राहावे लागणार होते, म्हणून नातीला घेऊन तिकडेच बिऱ्हाड करणे भाग होते. आम्हीही चलावे, असे ती एकदा म्हणाली. तिचा पगार आणि तेथील भाडे मला माहीत होते, म्हणून देवाची पूजा मोडता येत नाही असे मी सांगितले. ते तिने मान्य केले. खरे कारण तिलाही ठाऊक होते.

कंपनीचा लॅपटॉप परत पाठवायचा होता. कुरिअरचे कार्यालय उमरग्याला, म्हणून आम्ही दोघे एसटीने निघालो. खोके मी मांडीवर दोन्ही हातांनी धरले होते. शेजारी बसलेल्या शेतकरी बाईंनी नमस्कार केला आणि विचारले, "गुरुजी, देव हाय का आत? कुठं बसवायचा?"

"देव नाही, मावशी," सूनच म्हणाली. "मशीन आहे. परत द्यायचंय."

कुरिअरवाल्याने खोके वजनकाट्यावर ठेवले, चिकटपट्टी लावली आणि मागच्या ढिगात सरकवले. तेथून आम्ही बसस्थानकावर आलो. आरक्षणाच्या खिडकीपाशी रांग नव्हती. मी मागे उभा होतो.

"हैदराबाद. एक फुल, एक हाफ," ती म्हणाली.

"परतीचं पण काढू?" आतून विचारणा झाली.

तिने मागे वळून पाहिले नाही.

"नको," ती म्हणाली.