भाता कोणी ओढायचा?

आता तुमच्यापासून काय लपवायचं? थापेला पाय नसतात म्हणे. माझ्या थापेला गळ्यात अडकवायचे पट्टे होते.

मुलगी लहान असताना तिला भरवता भरवता मी ऐटीत सांगायचो, "कॉलेजात मी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचो बरं का. आम्ही त्याला भाता म्हणायचो." वास्तविक मला येते ती पेटी, तीही गणपतीतल्या आरतीपुरती. भाता मी दुरूनच पाहिलेला.

पुढे मुक्ता आयटीत लागली. त्यांच्या ऑफिसचा फॅमिली डे. आम्ही दोघं कर्वेनगरहून नटूनथटून गेलो, तर स्टेजवर खुर्ची आणि खुर्चीवर अकॉर्डियन. मुक्तानं कुणाकडून तरी मागून आणलेला.

"बाबा, सरप्राइज!"

शेजारी तिचा मॅनेजर, समोर अख्खी टीम. पोरीच्या चेहऱ्यावर असा अभिमान, की खरं बोलायची सोयच उरली नाही.

मी कळवळलो. "अगं, डावा खांदा धरलाय. भाता ओढू कसा?"

सुटलो, असं वाटलं.

"आई ओढेल की. तू उजव्या हातानं सूर वाजव."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "सकाळपर्यंत तर बरा होता खांदा," एवढंच पुटपुटली आणि पदर खोचून शेजारी बसली.

पट्टे माझ्या गळ्यात, भात्याचं दुसरं टोक तिच्या हातात. पेटी कशी, समोर असते, पट्ट्या दिसतात. हा छातीवर उभा. मान वाकवली तर दिसतं फक्त स्वतःचं पोट.

देवाचं नाव घेतलं आणि देवाचीच आरती सुरू केली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत बोट घसरलं. आता किंचाळणार म्हणून मी डोळे मिटले, तर आवाजच नाही.

हिनं भाता थांबवला होता. वाराच नाही तर सूर कुठला? तिला बाजूनं माझी बोटं दिसत होती, आणि इतक्या गणपतींत माझी आरती सोसलेली; मी कुठे चुकणार हे तिला माझ्याआधी कळायचं. चुकलो की भाता बंद, सावरलो की सुरू.

"काय पॉज घेतात काका," मागून कोणीतरी म्हणालं.

टाळ्या पडल्या. मुक्ता येऊन बिलगली. थाप शाबूत, जीव भांड्यात. खांदा धरलाय हे विसरून मी दोन्ही हातांनी नमस्कारही केला.

मॅनेजर मला ओलांडून थेट हिच्याकडे. "काकू, काय टायमिंग आहे तुमचं. घरी प्रॅक्टिस करता?"

"रोज करायला बघते," ही म्हणाली. "पण घरी यांचा भाता थांबतच नाही."