चेंडूला दटावणारी

विद्यापीठाच्या बास्केटबॉल स्पर्धांत मी गुण लिहायचो. आमच्या अमरावतीच्या कॉलेजकडून चांदूर बाजारची एक पोरगी पाच वर्षं खेळली. चेंडू फेकण्याआधी ती त्याला दटावायची, "सीधा जाय बापा!" तो मुकाट्यानं जायचा.

तिच्या शेवटच्या सामन्यात अकोल्याशी बरोबरी होती आणि दहा सेकंद उरले होते. बाहेर गेलेला चेंडू पंचांनी आम्हाला दिला, तर हिनं हात वर केला.

"सर, माह्याच बोटाले लागला."

"काहून सांगतलं वं?" आमचे सर किंचाळले.

"मंग काय झालं? आणते ना परत!"

अकोल्याचा पहिलाच पास तिनं मधे झडपला, धावली आणि चेंडू जाळीत घातला. शिटी वाजली. तिला उचलून नाचणाऱ्यांत अकोल्याच्याही दोघी होत्या.