पुढच्याचे हात

आईच्या खुब्याचं ऑपरेशन धर्मादाय दवाखान्यात झालं, पण वॉकर विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. तिथल्या नर्सबाईंनी एका रुग्णसाहित्य केंद्राचा पत्ता दिला. तिथे खाटा, कुबड्या, वॉकर गरजूंना फुकट वापरायला मिळत. केंद्रातल्या काकांनी दिलेला वॉकर जुना होता आणि त्याच्या मुठींवर निळ्या लोकरीचं विणकाम होतं.

"आधीच्या बाईंनी घातलंय," काका म्हणाले. "पुढच्याचे हात दुखू नयेत म्हणून."

घरी आई त्या मुठी धरून चार पावलं चालली. मग थांबून लोकरीवरून अंगठा फिरवत राहिली. "कोण असेल गं ती?" तिने विचारलं. आपल्या माणसांसाठी झिजणारे मी पुष्कळ पाहिले होते. पण जिचं नावही आम्हाला ठाऊक नाही, तिने आईच्या तळहातांची काळजी आधीच करून ठेवली होती. या उपकाराचे आभार कुठे पोचवायचे?

तीन महिन्यांनी वॉकर परत करायला आई स्वतः चालत आली. काकांना म्हणाली, "आता ज्याला द्याल त्याला सांगा, पहिले दोन दिवस फार भीती वाटते. मग जाते."